पत्रिकेतली बी.ए.

माझं नाव नीलिमा. वय अडुसष्ट, शिक्षण इतिहासात एम.ए., आणि पुण्यात एकतीस वर्षं कॉलेजात शिकवलेलं. हे आधीच सांगून टाकते, कारण ज्या खोलीची ही गोष्ट आहे तिथे माझ्या या शिक्षणाचा काडीचा उपयोग नव्हता. उपयोग नव्हता काय, उलट अडचणच होती.

निवृत्त झाल्यावर शंतनु, म्हणजे माझा मुलगा, मला बंगळुरूला घेऊन आला. हेब्बाळला बाराव्या मजल्यावर फ्लॅट, खाली तळं, तळ्यात बगळे. बगळे तरी माणसाने किती बघावेत? तीन महिन्यांत मी सुनेच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला लागले. मला चूक दिसली की गप्प बसवत नाही, हा माझा जुना रोग. शेवटी शंतनुने हात जोडले, म्हणाला, "आई, तू कुठेतरी जात जा." त्याच्याच ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं की मल्लेश्वरममधल्या एका कॉलेजात विद्यार्थी साहाय्य केंद्र आहे आणि त्यांना स्वयंसेवक हवेत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बस पकडली.

केंद्र म्हणजे जिन्याखालची एक खोली. दोन टेबलं, एक लोखंडी कपाट, भिंतीवर परीक्षांची वेळापत्रकं. गुरुवारी समुपदेशक बाई यायच्या, शनिवारी कच्च्या मुलांना जादा शिकवणी असायची. बाकी सगळे दिवस तिथे कस्तुरी. शुल्कमाफीचा अर्ज कुठल्या खिडकीत द्यायचा, हजेरी कमी भरली तर कुणाला भेटायचं, वसतिगृहातलं जेवण सोसत नाही तर काय करायचं, सगळी पोरं तिच्याकडे. पण तिचं खरं काम लेखनिकांचं होतं. ज्यांना दिसत नाही किंवा हाताने लिहिता येत नाही अशी चौदा मुलं त्या कॉलेजात शिकत होती. परीक्षेत ही मुलं तोंडाने उत्तर सांगणार आणि शेजारी बसलेला लेखनिक ते उतरवणार. हे लेखनिक शोधायचे, शिकवायचे आणि परीक्षेच्या दिवशी वेळेवर हजर करायचे, हे कस्तुरी बघायची.

पहिल्या दिवशी मी ऐटीत म्हटलं, "मी होते की लेखनिक. माझं अक्षर बघा."

तिने अक्षर बघितलंच नाही. "शिक्षण काय, अक्का?"

"एम.ए."

"मग चालत न्हाई. लेखनिक परीक्षेवाल्यापेक्षा एक पायरी कमी शिकलेला पायजे, असा नियम हाय. न्हाईतर पेपर कुणाचा म्हणायचा? आणि कन्नड लिहिता येतंय?"

"नाही."

"मग तुमी इंग्रजी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करा. मी मोबाइल लावून देतो."

मी जरा फणकाऱ्यानेच बसले. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी जास्त शिकलीस म्हणून बाजूला बसवलं होतं. वर ही बाई 'मी देतो' काय म्हणते, तेही कळेना. मग समजलं की ती निपाणीची, आणि तिकडच्या बायका 'मी येतो', 'मी करतो' असंच बोलतात. दोन-तीनदा मी दुरुस्त करून पाहिलं. तिने हसून मान डोलावली आणि पुन्हा 'मी चहा सांगतो' म्हणाली, तेव्हा मी हात टेकले.

कस्तुरीचे वडील निपाणीला तंबाखूच्या वखारीत मुनीम होते. चोवीस वर्षांपूर्वी ती माने यांच्या घरात लग्न होऊन बंगळुरूला आली. माने मंडळी इथे तीन पिढ्यांची, घरात निम्मं मराठी निम्मं कन्नड. नवरा रघुनंदन, त्याचं मल्लेश्वरममध्येच रबरी शिक्क्यांचं आणि नावाच्या पाट्यांचं छोटं दुकान. मुलगी मुग्धा आता इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला. कस्तुरी सोळा वर्षांपूर्वी या कॉलेजात ग्रंथालयात पुस्तकं लावायला लागली, आणि पुढे या खोलीत आली. नोकरी वर्षावर्षाच्या कराराची.

तिचं लेखनिकांना शिकवणं बघण्यासारखं होतं. जुलैत पहिल्या वर्षाच्या मुली आल्या की ती त्यांना एकेक करून समोर बसवायची आणि मुद्दाम चुकीचं सांगायची. "लिही. कावेरी नदी अरबी समुद्राला मिळते." मुलगी हुशार असली की हमखास 'बंगालचा उपसागर' लिहायची. कस्तुरी कागद ओढून घ्यायची.

"तुला कुणी दिलाय पेपर?"

"पण अक्का, ते चूक आहे."

"चूक तिची हाय. तिला करू दे. हात तुझा, बाकी सगळं तिचं."

मग दुसरा धडा. लिहिताना 'हं' म्हणायचं नाही, सुस्कारा टाकायचा नाही, आणि पेन तर थांबवायचंच नाही. "दिसत न्हाई त्यांचे कान तिखट असतात," ती म्हणायची. "तू थांबलीस की तिला कळतंय, कायतरी चुकलं. थांबणं म्हणजे सांगणंच. ती चोरी झाली."

लेखनिकांची एक जाडजूड वही होती. त्यात लेखनिकाचं नाव, शिक्षण, कुणाचा पेपर लिहिला, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. पेपर झाल्यावर ती परीक्षार्थीला विचारून तो रकाना भरायची. 'अक्षर सावकाश', 'मध्येच खोकली', 'तक्रार नाही'. आणि खाली त्याची सही घ्यायची. मला आधी वाटलं, काय हा बारीकपणा. मग हळूहळू मीच घरी शंतनुला त्या वहीच्या गोष्टी सांगायला लागले.

आता माझी चूक सांगते. गेल्या वर्षी कॉलेजात तपासणी समिती येणार होती. प्रत्येक विभागाची माहिती लिहून द्यायची होती आणि दारावर पाट्या लावायच्या होत्या. इंग्रजीतला मजकूर मी केला, कारण असल्या कामात माझा हात कोण धरणार! पाटीची ऑर्डर द्यायला रघुनंदनच्या दुकानात गेले. बायकोच्या नावाची पाटी म्हणून तो खूश झाला.

"शिक्षण लिहायचं ना, मॅडम?"

"लिहा की. काय झालंय तिचं?"

"बी.ए.," तो म्हणाला. "आमच्या पत्रिकेत छापलं होतं. आमच्या अख्ख्या घराण्यात पहिली पदवीधर सून. स्वल्प थांबा, दाखवतो." आणि त्याने खरंच ड्रॉवरमधून प्लास्टिकमध्ये जपलेली लग्नपत्रिका काढली. चि. सौ. कां. कस्तुरी, कंसात बी.ए. मुग्धा अभ्यासाला टाळाटाळ करायची तेव्हा तो तिला हीच पत्रिका दाखवायचा म्हणे.

पाटी दारावर लागली, समितीच्या कागदातही मी तेच लिहिलं. कस्तुरीने पाटी बघितली. "कशाला ते, अक्का," एवढंच म्हणाली आणि फडक्याने पाटीवरची धूळ पुसायला लागली. नव्या पाटीवर कसली धूळ? पण मला वाटलं, संकोच. मी आणखी चेव येऊन प्राचार्य हेमलता मॅडमना गाठलं आणि म्हटलं, इतकी गुणी बाई दरवर्षी करारावर का? त्यांनाही पटलं. केंद्राच्या संयोजकाची कायम जागा निघत होती, पदवीधर हवा होता. मॅडम म्हणाल्या, "कस्तुरीला सांगा, पदवीचं प्रमाणपत्र फाइलला लावायला."

ते प्रमाणपत्र काही येईना. "गावाकडं हाय, आणतो," असं ती म्हणायची. दिवाळीला निपाणीला जाऊन आली, तरी नाही. उगादीला, म्हणजे आपल्या पाडव्याला, जाऊन आली, तरी नाही. मी तिला चांगलं फैलावर घेतलं. "इतकी कसली गं आळशी तू? घरात चालून आलेली जागा घालवशील." ती खाली मान घालून अर्ज लावत राहिली. आता तो प्रसंग आठवला की मला स्वतःचीच चीड येते.

जूनमध्ये बी.ए.च्या शेवटच्या परीक्षा लागल्या. रंजिता नावाची मुलगी होती, अथणीजवळच्या खेड्यातली. तिला जन्मापासून दिसत नाही. बोलायला भलती फटकळ, कन्नड आणि मराठी दोन्हीत. तिची बँकेत निवड झाली होती. ऑगस्टमध्ये पदवीचा निकाल दाखवला तरच नेमणूक, नाहीतर यादीतून नाव जाणार. बाकीचे विषय सुटले होते, फक्त इतिहासाचा एक पेपर राहिला होता. आदल्या वर्षी ऐनवेळी बाहेरून मिळालेला लेखनिक इतका संथ निघाला की तिचे दोन प्रश्न राहून गेले आणि ती चार गुणांनी आपटली. म्हणून या वेळी कस्तुरीने दोन मुली तयार ठेवल्या होत्या, एक मुख्य आणि एक राखीव.

पेपर मंगळवारी दहाला. पावणेनऊला मी खोलीत पोचले तर कस्तुरी फोनवर होती आणि तिचा आवाज बदलला होता. मुख्य मुलीला कांजिण्या आल्या होत्या. राखीव मुलीचा स्वतःचा पुढे ढकललेला पेपर नेमका त्याच दिवशी आला होता आणि हे तिने सोमवारी कळवलंच नव्हतं. कस्तुरीने वही उघडून अकरा जणींना फोन केले. कुणी सुट्टीला गावी, कुणी परीक्षेत, कुणी फोनच उचलेना. साडेनऊ वाजले. रंजिता पांढरी काठी गुडघ्यांत धरून खुर्चीवर बसली होती. फटकळ पोरगी, पण त्या दिवशी तोंडातून शब्द नाही.

ऑफिसातले सगळे कारकून बी.कॉम. शिपाई सातवीपर्यंत शिकलेले, वेगाने लिहिणार कसे? मी आपली बावळटासारखी म्हणाले, "मीच लिहू का? विचारून येऊ?" आणि मग स्वतःच गप्प बसले. एम.ए., तीही इतिहासात, आणि कन्नड लिहायचं म्हटलं तर शून्य. माझ्याइतकी निरुपयोगी बाई त्या इमारतीत दुसरी नव्हती. तरी तोंड बंद राहील तर शपथ. "तुझीही बी.ए. आड आली बघ," मी कस्तुरीला म्हणाले. "नाहीतर तूच बसली असतीस."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग ती उठली, कपाट उघडलं, खालच्या खणातल्या जुन्या वह्यांच्या तळातून एक प्लास्टिकची पिशवी काढली आणि रंजिताचा हात आपल्या कोपरावर ठेवला. "चल, बाळा," म्हणाली. "पेपर लिहायचा हाय आपल्याला."

परीक्षेचे प्रमुख आप्पाजी सर. सज्जन, पण नियमाला पक्के. त्यांच्या टेबलापाशी कन्नडमध्ये बोलणं झालं. माझं कन्नड कच्चं असलं तरी तेवढं मला समजत होतं.

"लेखनिक मी," कस्तुरी म्हणाली.

सरांनी चष्मा वर केला. "बी.ए.च्या पेपरला बी.ए. लेखनिक? बाई, हा नियम गेल्या वर्षी तुम्हीच मला वाचून दाखवलात."

"मी बी.ए. नाही."

"दारावर पाटी आहे."

"पाटी चुकीची आहे, सर. मी नापास आहे."

तिने पिशवीतून दोन कागद काढून टेबलावर ठेवले. एक बारावीची गुणपत्रिका. दुसरी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची, पिवळी पडलेली, घडीवर फाटायला आलेली. सगळे विषय पास आणि इतिहासापुढे एकोणतीस. शेजारच्या टेबलावरच्या दोन्ही कारकुनांचं काम थांबलं होतं. मी दारात उभी होते आणि मला तिथे उभं राहायची लाज वाटत होती.

आप्पाजी सरांनी दोन्ही कागद वाचले. मग हळू आवाजात म्हणाले, "तुमचं नाव समितीच्या कागदात बी.ए. म्हणून गेलंय. हा कागद मी आज जोडला तर समितीकडचा कागद खोटा ठरतो. शिवाय संयोजकाची जागा आहे. तुम्हाला समजतंय ना मी काय म्हणतोय?"

"समजतंय. पावणेदहा झालेत, सर. जोडा."

सरांनी प्रतिज्ञापत्राचा कागद पुढे केला. तिने शिक्षणाच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात पीयूसी लिहिलं, म्हणजे आपली बारावी, आणि खाली सही केली.  मी बाहेर बाकावर जाऊन बसले.

दृष्टिहीन मुलांना तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा. त्यांची खोली वेगळी. खिडकीतून मला दोघी दिसत होत्या. रंजिता मान वर करून बोलत होती आणि कस्तुरी मान खाली घालून लिहीत होती. मी चहाला गेले नाही, डबा उघडला नाही. मी तिला आळशी म्हटलं होतं, ते राहून राहून आठवत होतं.

दोन वाजता दोघी बाहेर आल्या. रंजिताने कस्तुरीचा हात दाबला आणि मैत्रिणीबरोबर वसतिगृहावर गेली. आम्ही खोलीत आलो. मी दार लावलं आणि म्हटलं, "कस्तुरी, मला माफ कर गं."

"तुमचं काय चुकलं, अक्का? तुमी विचारलं तेव्हा मी गप बसलो. चूक माझीच हाय." मग तिने सगळं सांगितलं. लग्न मे महिन्यात, निकाल जूनमध्ये. तिकडे पत्रिकेत नावापुढे पदवी छापायची पद्धत. छापखानावाल्याने विचारलं, तर वडील म्हणाले, निकाल काय, लागेलच की, छाप. पाचशे पत्रिका गेल्या. लग्न होऊन ती बंगळुरूला आली आणि तीन आठवड्यांनी वडिलांचं पत्र आलं, इतिहासात गेलीस म्हणून. तोवर सासरे गल्लीभर सून बी.ए. आहे म्हणून सांगून आले होते. "आज सांगतो, उद्या सांगतो, असं करत चोवीस वर्षं गेली. लग्नानंतर एकदा पुन्हा बसायला निपाणीला जाणार होतो, तर मुग्धाच्या वेळेचे दिवस भरत आलते."

चहा आला. तिने कप हातात धरला, पण पिईना.

"अक्का, आणखी एक चुकलं. आज मी थांबलो."

"म्हणजे?"

"म्हैसूर राज्याचं नाव कर्नाटक कधी झालं, त्यावर दहा गुणांचा प्रश्न होता. तिनं छप्पन्न सांगितलं."

छप्पन्न म्हणजे राज्यं जोडली गेली ते साल. नाव बदललं त्र्याहत्तरला. सीमेवरच्या माणसाला छप्पन्न कोण विसरू देतंय! त्यामुळे तेच साल आधी तोंडात येतं.

"माझ्या पेपरात हाच प्रश्न होता," कस्तुरी म्हणाली. "मीबी छप्पन्नच लिहिलं होतं. नापास झाल्यावर पुस्तक उघडून बघितलं. तेव्हापासून त्र्याहत्तर डोक्यातनं जात न्हाई. तिनं छप्पन्न म्हटलं आणि माझं पेन थांबलं. एवढंसंच. तिनं विचारलं, अक्का, काय झालं? मी म्हटलं, पेन बदलतो. आणि छप्पन्न लिहिलं."

"मग लिहिलंस ना तिने सांगितलं तसं? झालं तर."

"झालं कसं? थांबलो की. सोळा वर्षं पोरींना सांगतोय, थांबू नका म्हणून." तिचे डोळे भरून आले. "आणि आता त्या दहा गुणांपायी ती गेली तर? सांगितलं न्हाई म्हणून वाईट वाटतंय, आणि थांबलो म्हणूनबी वाईट वाटतंय. काय करू सांगा."

 वहीत त्या दिवशीचे सगळे रकाने तिने भरले आणि शेऱ्याचा तेवढा कोरा ठेवला.

पुढचं सगळं अपेक्षेप्रमाणे झालं. रात्री तिने रघुनंदनला सांगितलं. तो चिडला नाही, ओरडला नाही, पण चार दिवस तिच्याशी बोलला नाही. ती नापास झाली याचं त्याला दुःख नव्हतं. "मी त्या पत्रिकेवर पोरीला घडवलं," एवढंच तो म्हणाला म्हणे. हेमलता मॅडमनी बोलावलं तेव्हा मी तिच्याबरोबर गेले आणि सांगितलं की प्रमाणपत्र न बघता बी.ए. मी लिहिलं, दोष माझा. मॅडमनी समितीला दुरुस्तीचं पत्र पाठवलं, कस्तुरीचा करार चालू ठेवला. पण संयोजकाची जागा गेली. ती सिद्धी नावाच्या नागपूरच्या मुलीला मिळाली, समाजकार्यात एम.ए. झालेल्या. मुलगी चांगली आहे, पण पहिल्या दिवशी कस्तुरी तिला कपाटाच्या किल्ल्या समजावून देत होती, ते मला बघवेना. मी रेकॉर्डिंगचं निमित्त करून बाहेर गेले.

पाचव्या दिवशी रघुनंदन स्क्रूड्रायव्हर घेऊन आला. जुनी पाटी काढली आणि नवी लावली. 'कस्तुरी माने. लेखनिक इथे मिळतील.' एवढंच. मला म्हणाला, "मॅडम, सरी आहे ना?" मी म्हटलं, "अगदी बरोबर आहे." तेव्हा कुठे तो कस्तुरीकडे वळून म्हणाला, "डबा विसरलीस सकाळी," आणि पिशवीतला डबा टेबलावर ठेवला.

निकाल जुलैच्या शेवटच्या आठवड्यात लागला. सकाळपासून कस्तुरी मोबाइलकडे बघत नव्हती. सिद्धीनेच नंबर टाकला. पास व्हायला पस्तीस लागतात. रंजिताला अडतीस होते. कस्तुरी मटकन खाली बसली, आणि मी इतक्या मोठ्याने "पास!" म्हणून ओरडले की जिन्यावरची पोरं वाकून बघायला लागली. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

बँकेतली कागदपत्रं झाल्यावर ऑगस्टमध्ये रंजिता आली, धारवाडी पेढ्यांचा डबा घेऊन. जीभ परत मूळपदावर आली होती. माझ्या रेकॉर्डिंगला नावं ठेवून झाली, सिद्धीच्या कन्नडला हसून झालं. मग एकदम म्हणाली, "अक्का, नामांतराच्या प्रश्नाला तुमचं पेन थांबलं होतं."

कस्तुरीचा चेहरा उतरला. "पेन बदललं मी."

"नव्हतंत बदललं. त्याच पेनाचा आवाज होता." रंजिता हसली नाही. "थांबलात तेव्हाच मला कळलं, साल चुकलं. लगेच त्र्याहत्तर आठवलं. जिभेवर आलं होतं."

"मग बदललं का नाहीस?" हे मी विचारलं. मला राहवतं कुठे?

"ते मला आठवलं नव्हतं, मॅडम. पेनाने सांगितलं होतं." तिने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "आणि त्या दिवशी आप्पाजी सरांच्या टेबलापाशी मी पण उभी होते. दोन कागद ठेवल्याचा आवाज मी ऐकला. ते ऐकून आत जाऊन मी चोरी करायची?"

 कस्तुरीने पदर डोळ्यांना लावला. मलाही रडू आलं, आणि सिद्धीसमोर ते लपवायचं मला सुचलं नाही. मग कस्तुरी उठली, कपाटातून ती वही काढली आणि जूनचं पान उघडलं.

"तुझा शेरा राहिलाय," ती म्हणाली. "लिहितो. लेखनिक मध्येच थांबली. खाली सही कर."

"तसं नाही लिहायचं," रंजिता म्हणाली. "लिहा, तक्रार नाही."

"पण थांबलो होतो की, बाळा."

"शेरा कुणाचा आहे, अक्का? हात तुमचा, बाकी सगळं माझं."

कस्तुरीने पेन उचललं आणि तिने सांगितलं तसं लिहिलं. मधे कुठेही थांबली नाही.